पंधरा दिवस आधीचं पत्र

कॉलेजात माझ्यामागे मला नकारघंटा म्हणतात. मागे म्हणजे मला नीट ऐकू येईल इतक्या अंतरावर. म्हणू देत. चौदा वर्षं मी या धर्ममहाविद्यालयाचा गुंतवणूक निधी सांभाळतेय आणि दारू, तंबाखू, जुगार, शस्त्रं असल्या धंद्यांत त्यातला एक पैसा जाऊ दिलेला नाही. हो म्हणणारे बाकी सगळे आहेतच. प्राचार्य हो म्हणतात, शेअर दलाल तर फोन उचलायच्या आधी हो म्हणतो. नाही म्हणायला कोणीतरी पगारावर ठेवायला लागतं, ती मी.

निधी म्हणजे देणगीदारांनी ठेवलेली रक्कम. तिच्या परताव्यावर इथली मुलं राहतात, शिकतात आणि पुढे धर्मोपदेशक होऊन लोकांना चांगलं वागायला सांगतात. निधीसाठी संस्थापकांनी लिहिलेले नियम माझ्या खुर्चीमागे भिंतीवर टांगलेत. त्यातला एक असा, की जिथे आपला पैसा जातो तिथे वर्षातून कमीत कमी एकदा समितीच्या माणसाने स्वतः जाऊन पाहायचं आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच पाहणीच्या वहीत लिहायचं. त्याच्याच खाली दुसरा. पाहायला जाण्याआधी पंधरा दिवस पत्र पाठवायचं, कारण न सांगता जाणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं, आणि ते धर्माच्या माणसांना शोभत नाही. संस्थापक फार सज्जन होते. त्यांच्या सज्जनपणाने आमचं वाटोळं केलं.

आमच्या निधीत सगळ्यात जास्त लाभांश देते ती वृद्धाश्रमांची एक कंपनी. तिचे सात आश्रम आहेत, सगळे या शहरात आणि आसपास. प्राचार्यांना ही कंपनी जीव की प्राण. देणगीदारांसमोर भाषण करताना ते दोन्ही हात पसरून सांगतात की सेवा आणि परतावा एकाच ठिकाणी कसे नांदतात ते आमच्याकडे येऊन बघा. दर वर्षी मी पत्र टाइप करून एखाद्या आश्रमाला पाठवते, पंधरा दिवसांनी आम्ही दोघं-तिघं जाऊन येतो, आणि मी वहीत लिहिते, 'खोल्या स्वच्छ. चादरी नव्या. सेवक पुरेसे.'

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती लपवून पुढचं सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे गेले. मी चौथ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. दादाचं घर ऐसपैस आहे, पण त्यात आईसाठी जागा कधी नव्हती. तेव्हा त्या कंपनीच्या मॅनेजरने आपणहून सांगितलं की संस्थेच्या माणसांसाठी अर्धा दर, पहिल्या नंबरच्या आश्रमात तळमजल्याची खोली, बागेकडे खिडकी. नकारघंटा त्या दिवशी वाजली नाही. मी मुकाट्याने सही केली आणि घरी येऊन शांत झोपले, याची मला आजही लाज वाटते.

नातेवाइकांना तिथे खोलीत सोडत नाहीत. जंतुसंसर्ग होतो म्हणे. रविवारी चार ते पाच भेटीच्या हॉलमध्ये बसायचं, मध्ये एक पुसलेलं टेबल, आणि म्हाताऱ्या माणसांना तेल-कंगवा करून आणलेलं. आई शाळेत शिवण शिकवायची. पस्तीस वर्षं मुलींना टाके उसवायला लावले तिने, त्यामुळे कौतुक हा प्रकार तिच्या तोंडात बसत नाही. एका रविवारी ती मला म्हणाली, "यंदा तुझं पत्र कधी यायचंय?"

"कसलं पत्र?"

"पाहणीचं गं, तुमच्या कॉलेजचं. गेल्या वर्षी आमच्याकडे याच सुमाराला आलं होतं. जरा लवकर टाक या वेळी. चादर पार विरलीये, गादीचं रेक्झिन टोचतं पाठीला."

मी विचारलं, चादरीचा आणि पत्राचा काय संबंध. तिने माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतल्या मुलींची मला दया आली.

"पत्र आलं की नव्या चादरी येतात. चार बाया जास्तीच्या येतात. बेल वाजवली की कोणीतरी येतं. तुम्ही वहीत लिहून गेलात की दुसऱ्या दिवशी गाडी येते आणि चादरी, बाया, सगळं घेऊन जाते. मला वाटलं तुला ठाऊक आहे. पोरगी आपल्यासाठी एवढं करते असं मी सगळ्यांना सांगत होते."

"आणि एरवी बेल वाजवली तर?"

"एरवी वाजवत नाही कोणी," ती म्हणाली. "शेजारची न्हाणीत पडली होती. सकाळी सापडली. तीसुद्धा वाजवत नव्हती."

मी घरी न जाता तशीच कॉलेजात गेले, कुलूप उघडलं आणि वही काढली. चौदा वर्षांचं माझं अक्षर, ठसठशीत, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. चादरी नव्या. सेवक पुरेसे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गंमत अशी की ती नेमकी कोणावर काढावी हे कळेना, कारण सगळ्या सह्या माझ्याच होत्या.

सोमवारी मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. हे गृहस्थ कधी आवाज चढवत नाहीत. समोरच्याचा गळा धरायचा असला तरी आधी त्याला बसायला खुर्ची देतात. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, या वेळी पत्र न पाठवता जाऊ.

"बाई, नियम तुम्हीच रोज आम्हाला दाखवता," ते म्हणाले. "आणि आज तुम्हीच मोडायला निघालात?"

"नियम माणसांसाठी केलाय. त्या माणसांना रेक्झिनवर झोपवून तो पाळायचाय का?"

"तुमच्या आईंचं वय काय? ऐंशीला आल्या ना? या वयात थोडं इकडचं तिकडे होतं. माझ्या वडिलांचंही व्हायचं."

"माझी आई अजून सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवते, सर. तिचं इकडचं तिकडे होत नाही. तुमचं होतंय."

ते हसले. मग टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, "तुमच्या आईंची खोली अर्ध्या दरात आहे, हे मी आजवर समितीपुढे काढलं नाही. काढू नये असंच मला वाटतं."

"काढा," मी म्हटलं. "ठळक अक्षरात काढा." आणि दार न लावता बाहेर आले.

संध्याकाळी दादाला फोन केला. म्हटलं, निदान त्याच्या कानावर असावं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सुरू झाला. "तू तिथे बोंब मारणार, ते आईला बाहेर काढणार, मग तिला ठेवायचं कुठे? माझ्याकडे शक्य नाही. तुझ्या वहिनीचं आणि तिचं जमत नाही, तुला माहितीये. तुझ्या तत्त्वांचं बिल आईच्या नावावर फाडू नकोस."

"रेक्झिनवर झोपते ती, दादा."

"खिडकी आहे ना खोलीला? बाग दिसते ना? तुझ्या चौथ्या मजल्यावरून काय दिसतं?"

माझ्या चौथ्या मजल्यावरून पाण्याच्या टाक्या दिसतात. मी फोन ठेवला. दादा हलकट आहे, पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

दोन दिवस मी त्या नियमांच्या फ्रेमसमोर बसून होते. माझ्या हातात नियमांशिवाय दुसरं काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पंधरा दिवस आधी पत्र पाठवा एवढंच तिथे लिहिलंय. किती पत्रं पाठवा ते नाही लिहिलेलं. कंपनीकडे नव्या चादरी आणि जास्तीच्या बाया एका आश्रमाला पुरतील एवढ्याच असणार, नाहीतर दुसऱ्या दिवशी गाडी कशाला आली असती. आश्रम सात. समितीत प्राचार्य आणि मी धरून माणसंही सात. मी सात पत्रं टाइप केली, सातही आश्रमांना, एकच तारीख, एकच वेळ, सकाळी अकरा. भाषा नेहमीचीच नम्र ठेवली. आपल्या सोयीसाठी पंधरा दिवस आधी कळवत आहोत, वगैरे.

प्रती समितीच्या लोकांकडे गेल्यावर प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. या वेळी खुर्ची दिली नाही.

"हा काय पोरखेळ आहे?"

"कुठला नियम मोडला ते सांगा, पत्रं परत मागवते."

त्यांनी फ्रेममधले सगळे नियम मनातल्या मनात म्हणून पाहिले असावेत. मग म्हणाले की पहिल्या नंबरला तुम्ही जायचं नाही. मी म्हटलं, कोणी कुठे जायचं ते त्याच सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरवू, म्हणजे कोणाच्या मनात काही राहायला नको. माझ्या मनात पुष्कळ काही होतं, पण ते चिठ्ठीवर मावलं नसतं.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिला नंबर, म्हणजे आईचा आश्रम, प्राचार्यांना आला. मला चौथा.

चौथ्या नंबरला दारातच तिथला मॅनेजर घाम पुसत उभा होता. चहा आला, मी घेतला नाही. माहितीपत्रक आलं, तेही घेतलं नाही. म्हटलं, खोल्या. पहिल्या खोलीत चार पलंग होते आणि चारही गाद्यांवर तपकिरी रेक्झिन, बस्स, वर काही नाही. एका बाईच्या खाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. खोलीला वास होता, तो काही मी वर्णन करून सांगणार नाही, ज्यांनी म्हाताऱ्या माणसांचं केलंय त्यांना कळेल. मी मॅनेजरला विचारलं, चादरी कुठायत. तो म्हणाला, धुवायला.

"काल गाडीतून नेल्या," वर्तमानपत्रावरची बाई म्हणाली. "अंगाखालच्या काढून नेल्या. पहिल्या नंबरला पाहुणे यायचेत म्हणे."

म्हणजे त्यांनी विचार केला होता. सातही ठिकाणी दाखवायला माल पुरणार नाही, तर निदान नकारघंटा जिथे हमखास जाईल तिथे तरी सगळं घालू. आईच्या खोलीत. मी सातही खोल्या पाहिल्या, एकोणतीस पलंग मोजले, एक सेवक मोजला आणि दिसलं तेवढं वहीत लिहिलं. त्या बाईने विचारलं, परत कधी येणार.

तिथून थेट पहिल्या नंबरला गेले. पाहणीचा दिवस म्हणून त्या दिवशी दारं उघडी होती. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, इस्त्रीची पांढरी चादर, उशीला अभ्रा, कोपऱ्यात एक सेवक बाई उगाचच उभी. चेहरा उजळलेला तिचा. "तुमचे प्राचार्य येऊन गेले," ती म्हणाली. "चादरीला हात लावून बघितला त्यांनी. फार खूश झाले."

मी सेवक बाईला बाहेर जायला सांगितलं, खाली वाकले आणि चादरीचा कोपरा उलटा केला. लाल दोऱ्याने आकडा घातला होता. चार.

"दिसलाय मला," आई म्हणाली. "शिवणाची बाई होते मी, आंधळी नाही. टाकासुद्धा कच्चा घातलाय."

"माहीत होतं तुला? दुसऱ्या बायांच्या अंगाखालून काढून आणलीये ही, आई. एक बाई वर्तमानपत्रावर झोपलीये तिकडे."

"मग मी काय करू? चादर नको म्हणू? गेल्या वर्षभर माझ्याखाली काय होतं? आणि माझी नेऊन पाचव्या नंबरला घातली असेल तेव्हा तिथली कोण रडली होती माझ्यासाठी?" तिचा आवाज चिरकला. "तुला आधी सांगून तरी तू काय करणार होतीस? उचलून चौथ्या मजल्यावर नेणार होतीस. मला नाही यायचं तिथे. इथे निदान झाडं दिसतात."

मी म्हटलं, काळजी करू नकोस, आम्ही यांचे सगळे शेअर विकून टाकू, एक पैसा ठेवणार नाही यांच्याकडे.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "विकाल? मग पत्र कोण पाठवणार?"

उलटा केलेला कोपरा मी पुन्हा गादीखाली खोचला.

"पैसे आहेत म्हणून तुम्ही पत्र पाठवता ना? पत्र आलं म्हणून वर्षाकाठी चार दिवस एका आश्रमात तरी चादरी दिसतात. तुम्ही हात धुऊन मोकळे व्हाल. मग आमच्याकडे कोण बघायला येणार आहे? तुमचा दलाल?"

बैठक शुक्रवारी होती. बुधवारी मी आईला तिथून काढलं. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, आणि एकदा नाही म्हटल्यावर तिने माझं काही ऐकलं नसतं. दोन हमाल आणले, त्यांनी तिला खुर्चीत बसवून चार मजले चढवलं. प्रत्येक वळणावर ती त्यांना सांगत होती की ही माझी मुलगी नाही, वैरीण आहे. वर आल्यावर तिने टाक्यांकडे पाहिलं, खिडकीकडे पाठ केली आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

शुक्रवारी समितीतल्या पाच जणांनी आपापल्या पाहण्या वाचून दाखवल्या. कुठे पलंगांना माणसं बांधलेली, कुठे तीन दिवस पाणी नाही. एक प्राध्यापक वाचता वाचता थांबले आणि चष्मा पुसत बसले. मी माझी वाचली. प्राचार्यांच्या वहीत लिहिलं होतं, 'चादरी नव्या, सेवक तत्पर,' आणि ते त्यांना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लागलं. त्या चादरी कुठून आल्या ते मी सांगितलं. त्यांचे कान लाल झाले.

"विकून टाकू," ते लगेच म्हणाले. "सोमवारपर्यंत सगळे शेअर विकायचे. बाहेर वाच्यता नको. असल्या पैशाचा आपल्याला स्पर्शही नको."

हात वर जायला लागले.

"विकायचं नाही," मी म्हटलं.

कोणीतरी हसलं. मी पुढे बोलत राहिले. म्हटलं, आपण विकले की ते घेणाऱ्याकडे ना नियम असतील, ना वही. आपले हात स्वच्छ होतील आणि त्या बाया वर्तमानपत्रावरच राहतील. नियमात वर्षातून कमीत कमी एकदा असं आहे. जास्तीत जास्त किती, ते नाही. दर पंधरा दिवसांनी सातही ठिकाणी, सातही जणांनी, एकाच वेळी जायचं. एक पाहणी संपली की त्याच दिवशी पुढचं पत्र त्यांच्या टेबलावर. गाडीला चादरी परत न्यायला मध्ये दिवसच उरता कामा नये. त्यांना सातपट चादरी घ्यायला लागतील, सातपट बाया ठेवायला लागतील, आणि आपला लाभांश निम्म्यावर येईल. मुलांच्या खर्चाला काय कमी पडतं ते मग आपण आपल्या पगारातून बघू.

"दर पंधरा दिवसांनी?" चष्मावाले प्राध्यापक म्हणाले. "आम्हाला तासही घ्यायचे असतात."

प्राचार्य पुढे झुकले. आवाज पुन्हा मऊ झाला होता. "मंडळींना एक गोष्ट ठाऊक नसेल. बाईंच्या आई त्याच कंपनीच्या आश्रमात आहेत. अर्ध्या दरात. तेव्हा हा आग्रह कशासाठी ते आपण समजून घेऊ शकतो."

मी खोली सोडल्याची पावती टेबलावर ठेवली, तारखेसकट, आणि त्यामागे दोन वर्षांची वाचलेली अर्धी रक्कम निधीत भरल्याची दुसरी. "आई बुधवारपासून माझ्याकडे आहे. आता तिथे माझं कोणी नाही. बोला."

मतदान झालं. चार विरुद्ध तीन. प्राचार्यांचा हात खालीच राहिला, आणि जाताना ते मला म्हणाले की नकारघंटेला हो म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं, फार महागात पडलं. माझं टोपणनाव त्यांनी तोंडावर घेतलं ते तेवढंच.

घरी आले. आई पाठमोरी. मी टेबलावर सात पत्रं, सात पाकिटं मांडली आणि पत्ते लिहायला बसले. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टेबलाला धरत धरत ती आली, समोर बसली आणि पत्रांच्या घड्या घालायला लागली, कडेला कड जुळवून, नखाने दाबून. माझी एक घडी वाकडी होती, ती उलगडून तिने पुन्हा घातली. तीन दिवसांत माझ्याशी एक शब्द नव्हता.

"पहिल्या नंबरचं पत्र आज टाक," ती म्हणाली. "माझ्या पलंगावर आता दुसरी कोणी आली असेल."